बोट बांधायची आणि तिच्यातच राहायचं: शिडावरच्या संसाराचं गणित

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मे २०२५ च्या अखेरीस परतल्या. प्रवास आठ महिन्यांचा, अंतर २५ हजार सागरी मैलांहून जास्त आणि बोटीवर माणसं दोनच. तेव्हापासून आपल्या सोलापुरातही हा विषय निघू लागला आहे. त्यात मोबाईलवर परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ दिसतात. नवरा-बायको परसात बोट बांधतात, घर विकतात आणि पुढची कित्येक वर्षं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात फिरत राहतात. पाहणाऱ्याच्या मनात एकामागून एक प्रश्न येतात. बोट घरी बांधता येते? वारा समोरून आला तर काय? रात्री झोपतात कधी? पैसा कुठून आणतात?

या प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत, पण व्हिडिओत ती क्वचितच सापडतात. तिथे निळं पाणी जास्त आणि पाना-पक्कड कमी असते. प्रत्यक्षात हे आयुष्य पाना-पकडीवर चालतं. म्हणूनच समुद्र न पाहिलेल्या पण वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या सोलापूरकराला ते वाटतं तितकं परकं नाही.

## क्रूझिंग म्हणजे काय

मोठ्या क्रूझ जहाजावर तिकीट काढून जाण्याशी याचा काही संबंध नाही. ‘क्रूझिंग’ म्हणजे स्वतःच्या छोट्या बोटीवर घर करून, ऋतू आणि वारे बघत सावकाश केलेला लांबचा प्रवास. बोट साधारण तीस ते चाळीस फुटांची असते. आत झोपायची जागा, दोन बर्नरची शेगडी, नकाशे पसरायला टेबल, शौचालय आणि जिथे मोकळी जागा सापडेल तिथे कपाट. इंजिन असतं, पण ते बंदरात शिरताना, बाहेर पडताना आणि वारा पडल्यावर. एरवी बोट शिडावर चालते.

वेगाबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. अशा बोटीचा सरासरी वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे पाच नॉट धरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. दिवसरात्र न थांबता चाललं तरी २४ तासांत १२० सागरी मैल, म्हणजे २२२ किलोमीटर होतात. सोलापूरहून निघालेला माणूस या वेगाने दुसऱ्या दिवशी त्याच वेळेलाही पुण्यात पोचलेला नसेल. वेग वाढवावा म्हटलं तर बोटीची लांबी आडवी येते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. येईल तो आकडा, नॉटमध्ये, त्या बोटीची व्यवहारातली कमाल मर्यादा. तीस फुटांसाठी तो सव्वासातच्या थोडा वर येतो. त्यापुढे जोर लावला तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून बसते.

## वारा समोरून आला तरी बोट पुढे कशी जाते

मागून वारा आला की शीड फुगतं आणि बोट ढकलली जाते, हे कुणालाही पटतं. कोडं पडतं ते उलट्या वाऱ्याचं. शीड सपाट कापडाचं नसतं, शिवतानाच त्याला फुगवटा दिलेला असतो. वारा त्या फुगवट्यावरून वळताना एका अंगाला दाब कमी होतो, दुसऱ्या अंगाला जास्त राहतो आणि शीड कमी दाबाकडे ओढलं जातं. विमानाच्या पंखाला वर उचलणारं बळ हेच.

ही ओढ पुढे थोडी आणि बाजूला बरीच असते. बोट बाजूला घसरू नये म्हणून तळाखाली एक जड, उभा पंख बसवलेला असतो. त्याला कील म्हणतात. ओला चिंचोका अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहा. दाब दोन्ही बाजूंनी असतो, पण चिंचोका सटकतो पुढे. बोटीवर अंगठ्याचं काम वारा करतो आणि तर्जनीचं काम कीलला अडवणारं पाणी.

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. अंतर जवळपास दीडपट होतं. समोर शंभर मैलांवर बंदर असेल तर बोटीला एकशे चाळीस मैल कापावे लागतात, शिवाय लाटा अंगावर घेत. म्हणून अनुभवी माणसं वाऱ्याशी भांडत नाहीत. वारा अनुकूल होईपर्यंत नांगर टाकून थांबतात.

## पण वाऱ्याने बोट उलटली तर?

हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात हलक्यात घेता येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर ‘शिडाची बोट’ म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येणं अगदी स्वाभाविक आहे.

समुद्रात जाणारी कीलबोट आणि उथळ तळाची उघडी बोट यांत मोठा फरक आहे. कीलमध्ये शिसं किंवा ओतीव लोखंड भरलेलं असतं. बोटीच्या एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा या एकट्या कीलचा. वाऱ्याने बोट कलते, पण जितकी कलते तितकं ते वजन तिला सरळ करायला खेचतं. शिवाय कलल्यावर शिडाला वारा कमी लागतो. लाटेने आडवी केलेली अशी बोट पुन्हा उभी राहते. अट एकच, दारं-झरोके बंद असायला हवेत आणि आत पाणी शिरता कामा नये. उथळ उघडी बोट एका ठरावीक कोनापुढे गेली की परत येत नाही. तिथे तारतं ते लाइफ जॅकेट, आणि तेही अंगात घातलेलं. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही.

जोडप्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. एक जण आत झोपलेला असताना दुसरा पाण्यात पडला तर कुणाला कळणारही नाही. म्हणून रात्री आणि खवळलेल्या पाण्यात डेकवर जाताना अंगातला पट्टा बोटीला अडकवायचा, हा नियम समंजस जोडपी एकमेकांनाही मोडू देत नाहीत.

## बोट कशाची बांधतात

लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम, फायबरग्लास, प्लायवूडवर इपॉक्सी (वाळल्यावर टणक होणारा चिकट द्रव), इतकंच काय, १९७० च्या दशकात अनेकांनी लोखंडी जाळीवर सिमेंट थापूनही बोटी बांधल्या. पोलाद भक्कम असतं आणि वेल्डर कुठेही मिळतो, पण गंजाशी लढाई कधी संपत नाही. ॲल्युमिनियम हलकं असतं, मात्र त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही. ‘सुहेली’ ही ३२ फुटी बोट १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली आणि तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता जगातली पहिली एकट्याची प्रदक्षिणा पुरी केली. आज तेवढं सागवान घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

घरी बांधणाऱ्यांचा कल आता लाकूड किंवा प्लाय आणि त्यावर फायबरग्लास या जोडीकडे असतो. फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचं कापड. ते चिकट द्रवात, म्हणजे रेझिनमध्ये, भिजवून वाळवलं की टणक होतं. सोलापूरला हे समजावून सांगायला वेळ लागू नये, कारण इथे कापडाची भाषा घरोघरी कळते. चादरीच्या कापडात उभा धागा आडव्या धाग्याच्या वर-खाली जातो. काचेचं कापड असंच विणलं तर प्रत्येक छेदावर धागा वाकतो आणि वाकलेला धागा ताण पडला की आधी सरळ व्हायला बघतो, तेवढं कापड ढिलं पडतं. म्हणून बोटीसाठी दुसऱ्या प्रकारचं कापडही वापरतात. त्यात धाग्यांचे थर न विणता एकमेकांवर तिरके ठेवून बारीक दोऱ्याने टाचलेले असतात. धागा सरळ राहतो आणि पूर्ण ताकदीने ताण घेतो.

काम करताना डोळ्यांनी ओळखता येणारी एक खूण आहे. कोरडं कापड पांढरंशुभ्र असतं. रेझिन मुरलं की ते पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड दिसू लागतं. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली. खाचा असलेला छोटा रोलर हळूहळू फिरवून ती हवा कडेला काढायची. ती तशीच राहिली तर पुढे त्याच जागी थर सुटतो आणि पाणी शिरायला वाट मिळते. हे काम घाईचं नाही, पण वेळेचं आहे, कारण डब्यातलं रेझिन तुमच्यासाठी थांबत नाही.

इथे सोलापूरचं ऊन आडवं येतं. इपॉक्सी रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते घट्ट व्हायला लागतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात उरलेला वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर आपल्या एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या दुपारी दहा मिनिटंही धड मिळायची नाहीत. त्यात मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर निघतो, प्लास्टिकचा डबा वितळतो. उपाय साधे आहेत: सावकाश घट्ट होणारा हार्डनर घ्यायचा, मिश्रण थोडं-थोडं करायचं, पसरट ट्रेमध्ये ओतायचं आणि उन्हाळ्यात पहाटे काम करायचं. दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले. एका बाबतीत मात्र कोकणातल्या बांधणाऱ्याला आपला हेवा वाटावा. सोलापूरची कोरडी हवा लाकडाला मानवते आणि दमट हवेत इपॉक्सीवर येणारा तेलकट थरही इथे कमी त्रास देतो.

प्लाय निवडताना ‘मरीन’ हा शिक्का पाहून थांबू नका. आपल्या बाजारात भारतीय मानक आयएस ७१० चं मरीन प्लाय सगळीकडे मिळतं, पण त्याचं बरंचसं गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या कपाटांचं आहे. बोटीसाठी आतले थर पोकळीविना असणं महत्त्वाचं. शीट कापून कड बघायची आणि तिथल्या तुकड्याला पाण्यात उकळून थर सुटतात का तेही पाहायचं. घासकामाच्या धुळीचंही सांगायला हवं. काचेची धूळ त्वचेत रुतते, फुप्फुसात जाते. चांगला मास्क आणि अंगभर कपडे यांत काटकसर करू नये.

## सांगाडा उभा राहिला म्हणजे बोट झाली?

नाही, आणि बहुतेक स्वप्नं इथेच अडतात. तळ आणि डेक बांधून झालं की शेजारीपाजारी पेढे मागतात, पण बांधणाऱ्यांमधला जुना ठोकताळा असा की तोवर एकूण खर्चाचा चौथा ते तिसरा हिस्साच झालेला असतो. पुढे डोलकाठी, तिला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा, शिडं, दोर ओढायच्या चरख्या, इंजिन, नांगर-साखळी, पंप, वायरिंग, टाक्या, दिवे, रेडिओ. यातल्या कित्येक वस्तू भारतात सहज मिळत नाहीत. त्या मागवाव्या लागतात आणि त्यावर शुल्क भरावं लागतं.

वेळेचा हिशेबही मांडून बघा. पस्तीसेक फुटांची बोट घरी बांधायला चार-पाच हजार तास धरायला हरकत नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी आठ-आठ तास दिले तर वर्षाला आठशे तास होतात. म्हणजे पाच-सहा वर्षं, तीही लग्नकार्यं, आजारपण आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून. अर्ध्यावर राहिलेल्या बोटी जगभर पत्र्याच्या शेडांत पडून आहेत. त्यामागचं कारण बहुधा कौशल्याचा अभाव हे नसतं. दोघांपैकी एकाचंच ते स्वप्न असतं आणि दुसऱ्याने फक्त होकार दिलेला असतो.

## मग तयार बोटच का घेऊ नये?

पैसे वाचवायचे असतील तर तीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. युरोप-अमेरिकेत १९७०-८० च्या दशकातल्या फायबरग्लासच्या बोटी अजून चालतात आणि नवी बांधायच्या साहित्यखर्चापेक्षा कमी किमतीत जुनी मिळून जाते. भारतात असा जुना बाजार फार लहान आहे, त्यामुळे आपलं गणित थोडं बदलतं. पण स्वतः बांधली म्हणून स्वस्तात पडली, असं इथेही सहसा होत नाही.

स्वतः बांधण्याचा खरा फायदा वेगळा आहे. ज्याने वायर ओढली त्याला ती कुठून गेली हे माहीत असतं. ज्याने सुकाणू बसवलं त्याला त्याचा आवाज बदललेला कळतो. किनाऱ्यापासून पाचशे मैलांवर पंप बंद पडला तर मेकॅनिक बोलावता येत नाही. जो आहे तो तुम्हीच. बांधणीत गेलेली पाच वर्षं म्हणजे दुरुस्तीचं शिक्षण. आपल्या देशातलं उदाहरण घ्या. पहिली भारतीय एकट्याची सागरी प्रदक्षिणा २००९-१० मध्ये नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून केली. ती ५६ फुटी बोट गोव्यातच बांधली गेली आणि दोंदे तिच्या बांधणीपासून त्या कामात होते. त्याआधी शंभरेक वर्षांमागे जोशुआ स्लोकम यांनी एक जुनाट बोट तेरा महिने खपून, सुमारे ५५३ डॉलरच्या साहित्यात जवळजवळ नव्याने बांधली आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून जगातली पहिली एकट्याची प्रदक्षिणा केली.

## समुद्र इतका लांब, आणि बोट सोलापुरात?

या आक्षेपाला चांगलं उत्तर लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने देऊन ठेवलं आहे. त्यांनी स्वतः बांधलेली २४ फुटी ‘सेराफिन’ १९६८ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातून जगभर फिरून आल्यावर त्यांनी २९ फुटी ‘टॅलेसिन’ बांधली, ती कॅलिफोर्नियातल्या समुद्रापासून दूर अशा एका कोरड्या खोऱ्यात. १९८३ मध्ये ती पाण्यात गेली. दोन्ही बोटींना इंजिन नव्हतं. लॅरी २०२० मध्ये गेले, पण जोडप्याने लहान बोट बांधून निघायचं, या विचारावर या दोघांइतका ठसा क्वचितच कुणी उमटवला असेल.

तेव्हा चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये बोट बांधण्यात अडचण नाही. वेल्डर, लेथवाले, सुतार, मोटार वाइंडिंगवाले हाकेच्या अंतरावर. अडचण आहे ती नेण्याची. आपल्या रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असते. पस्तीस फुटी बोट सव्वातीन-साडेतीन मीटर रुंद भरते, म्हणजे अवजड-अवाढव्य मालाचा परवाना आणि तसा ट्रेलर लागतो. रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, वाटेत आंबा घाट. मुंबईकडे जायचं तर बोरघाट. वळणं, वीजवाहिन्या, पुलांखालची उंची, सगळं आधी मोजून घ्यावं लागतं. कील वेगळी नेऊन किनाऱ्यावर बसवता येईल असा आराखडा निवडला तर उंचीचा अर्धा प्रश्न सुटतो. शेडचं दार मोजायला मात्र विसरू नका. भिंत पाडून बोट बाहेर काढावी लागलेले लोक या छंदात नवे नाहीत.

## पाणी, वीज आणि चूल

वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी भरून ठेवत आलेल्या सोलापूरला बोटीवरची पाण्याची शिस्त नवी नाही. टाकीत तीनशे-चारशे लिटर असतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्या पाण्याने फक्त विसळायची, अंघोळही तशीच. माणशी दिवसाला आठ-दहा लिटरमध्ये भागवतात. काही जण घरच्या आरओच्याच तत्त्वावर चालणारं यंत्र बसवतात, पण समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने त्याला ८०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. म्हणजे वीज जास्त आणि देखभालही जास्त.

वीज सौर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्यांवर भागते. स्वयंपाकाची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. फ्रीज वीज खातो, म्हणून टिकाऊ अन्नाला फार मान. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी या कामाला इतकी योग्य आहे की लांबच्या प्रवासाच्या शिध्यात तिला पहिलं स्थान मिळायला हवं.

देखभालीचं काय? खारं पाणी दोन वेगळे धातू एकत्र सापडले की त्यातला एक खाऊन टाकतं. त्याच्या तोंडी द्यायला तळाशी जस्ताचे तुकडे लावतात. ते झिजतात, बाकीचं वाचतं. तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटू नयेत म्हणून खास रंग द्यावा लागतो आणि त्यासाठी बोट ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढावी लागते. बोटीच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी देखभालीला जातो, असा सर्वसाधारण अंदाज धरतात.

## दोघंच असताना झोपायचं कधी?

आळीपाळीने. एकाने तीन-चार तास पहारा द्यायचा, दुसऱ्याने झोपायचं, असं किनारा येईपर्यंत. सुकाणू धरून बसावं लागत नाही. ते काम ऑटोपायलट करतो किंवा वाऱ्याच्या दिशेवर चालणारी यांत्रिक पाती करते. तिला वीजही लागत नाही. माणसाने डोळे उघडे ठेवायचे ते जहाजांसाठी. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. आता एआयएस नावाचं यंत्र जवळच्या जहाजांचं नाव, वेग आणि दिशा पडद्यावर दाखवतं, पण छोटी मासेमारी होडी त्यात दिसेलच असं नाही.

या झोपेचा परिणाम नात्यावर होतो. पहिल्या दोन-तीन रात्री दोघंही चिडचिडे असतात, मग शरीर लयीला लागतं. एकाला रेडिओ, नकाशा, इंजिन येतं आणि दुसऱ्याला फक्त स्वयंपाक, अशी वाटणी समुद्रावर धोक्याची आहे, कारण जाणता माणूसच आजारी पडला तर बोट कोण आणणार? व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ लावून मदत मागणं आणि शीड उतरवून नांगर टाकणं दोघांनाही झोपेतून उठून जमायला हवं.

## कधी निघायचं आणि कुठे

आपल्या अरबी समुद्राचं वेळापत्रक पक्कं आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत छोट्या बोटीने बाहेर पडायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांकडे लक्ष ठेवायचं. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्येच आलं होतं. डिसेंबर ते मार्च हा सोन्याचा काळ. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष उपयोगाला येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर पुढे सरकायचं आणि संध्याकाळी खाडीत नांगर टाकायचा. नांगराची साखळी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडायची, नाहीतर रात्री नांगर घसरतो.

पुढे पश्चिमेकडे जायचं तर वाट पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. २००८ ते २०११ या काळात सोमाली चाच्यांचा कहर होता. २०११ मध्ये त्यांनी पळवलेल्या एका शिडाच्या बोटीवरचे चारही अमेरिकन प्रवासी मारले गेले. ते प्रमाण घटलं, तर नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. म्हणून अनेक जोडप्यांनी सुएझचा विचार सोडून आफ्रिकेला वळसा घालणारा लांबचा मार्ग धरला.

## पैसा, व्हिसा आणि कागद

बहुतेक जोडपी लक्षाधीश नसतात. काही निवृत्त, काही घर भाड्याने देऊन निघालेली, काही ऑनलाइन काम करणारी, काही बंदरोबंदरी इतरांच्या बोटी दुरुस्त करणारी. व्हिडिओतून पोट भरणारी थोडीच, पण दिसतात तीच. नांगर टाकून राहणं बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा स्वस्त असतं आणि मरीनात, म्हणजे बोटी पैसे भरून बांधून ठेवायच्या धक्क्यावर, राहणं महाग. मासिक खर्च वाढतो तो मरीनाने आणि दुरुस्तीने.

भारतीय जोडप्यासाठी खरी अडचण पासपोर्टची आहे. युरोपीय माणूस ज्या बेटावर सहज उतरतो तिथे आपल्याला बऱ्याचदा आधी व्हिसा लागतो, आणि काही देशांचे ई-व्हिसा ठरावीक विमानतळांवर किंवा बंदरांवरच चालतात. बोट तर वाऱ्यावर चालते, तारीख नेमकी सांगता येत नाही. त्यामुळे मार्ग आखताना आधी व्हिसा आणि मग वारा, असा क्रम होतो. आपल्या किनाऱ्यावर परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा. नोंदणीबद्दल महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे बोट बांधायला घेण्याआधीच विचारावं. आराखडा, साहित्याची बिलं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो जपून ठेवावेत. घरी बांधलेल्या बोटीचा विमा काढताना पाहणी करणारा सर्व्हेयर नेमकं हेच मागतो.

## आज सोलापुरात बसून काय करता येईल

पस्तीस फुटी बोटीचा आराखडा विकत घेऊ नका. आधी दोघांनी मिळून एखादी सुट्टी शिकण्यात घालवा. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या पद्धतीचे अभ्यासक्रम भारतातही शिकवले जातात आणि मुंबईच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीत बसायची सोय आहे. बोट लागणं म्हणजे काय आणि आपल्याला ती कितपत लागते, हे तिथे लगेच समजतं.

मग एक लहान बोट बांधा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेली ‘मिरर’ ही जेमतेम अकरा फुटी शिडाची होडी याच कामासाठी चांगला नमुना आहे. प्लायचे कापलेले तुकडे कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाचायचे, आतून सांध्यावर रेझिन आणि काचेची पट्टी लावायची, नंतर बाहेरच्या तारा कापून टाकायच्या. सुताराचे अवघड सांधे लागत नाहीत, म्हणून अशा हजारो होड्या गॅरेजमध्ये आणि बैठकीच्या खोल्यांत बांधल्या गेल्या. मोठ्या बोटीत लागणारं जवळजवळ प्रत्येक काम इथे छोट्या मापात करायला मिळतं: कड घासणं, हवा काढणं, उन्हाआधी मिश्रण संपवणं, सुकाणूची बिजागरी सरळ रेषेत बसवणं.

ती जलाशयात उतरवण्याआधी संबंधित खात्याची परवानगी घ्या, दोघांनीही जॅकेट घाला आणि वाऱ्याचा अंदाज बघून सकाळीच जा. पहिल्या दिवशी काठाजवळच राहून होडी मुद्दाम उलटवा आणि पाण्यातून ती पुन्हा सरळ करून आत चढायचा सराव करा, आधी एकाने, मग दुसऱ्याने.